मोटारसायकल पिकअपमध्ये चढवताना

दोन चाकांची गाडी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही आणि पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो. मोटारसायकल चढवताना, नेताना आणि उतरवताना येणाऱ्या जवळपास सगळ्या अडचणींचे मूळ या दोन गोष्टींत आहे. घरबदल, नोकरीतली बदली, शहरातली गाडी गावाकडे पाठवणे, बंद पडलेली किंवा अपघातात सापडलेली गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवणे, अशा कारणांनी हे काम निघते. एरवीची रीत अशी की चार माणसे गोळा होतात, गाडी उचलून वर टाकली जाते, साइड स्टँडवर तिरकी उभी केली जाते आणि हाताला लागेल त्या दोरीने हँडलपासून मागच्या कॅरिअरपर्यंत वेढे मारले जातात. गाडी हलकी, अंतर जवळचे आणि रस्ता बरा असेल तर ती तशीही पोहोचते. गाडी जड असली किंवा वाटेत घाट लागला की या रितीची उणीव उघडी पडते. आरसे फुटणे, टाकीला पोचा येणे, हँडल वाकणे हे झाले किरकोळ नुकसान. फळीवरून मागे घसरलेल्या गाडीखाली पाय सापडला तर मात्र हाड मोडल्याशिवाय राहत नाही.

वाहन आणि जागा

महाराष्ट्रात या कामासाठी मुख्यतः दोन प्रकारची वाहने भाड्याने मिळतात. एक म्हणजे २००५ साली बाजारात आलेली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी पोहोचलेली टाटा एस. दुसरी म्हणजे बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँड दोस्त यांसारखी मोठी पिकअप. वजनाचा प्रश्न दोन्हींत येत नाही. हीरो स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. छोटा हत्तीही पाऊण टनाच्या आसपास माल वाहतो. प्रश्न येतो तो लांबीचा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात-सव्वासात फूट लांब असतो. स्प्लेंडरची लांबी साडेसहा फूट, त्यामुळे ती सरळ बसते आणि मागचा फाळका बंद होतो. क्लासिक ३५० सात फुटांहून किंचित लांब आहे. ती बसलीच तर पुढे-मागे बोटभर जागा उरते. अशा गाडीसाठी आठ-नऊ फुटी हौद्याची पिकअप ठरवणे शहाणपणाचे. फाळका उघडा ठेवून मागचे चाक बाहेर लोंबकळत नेणे धोक्याचे तर आहेच, शिवाय हौद्याबाहेर माल काढून वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड होऊ शकतो. भाडे ठरवतानाच टेप घेऊन हौद्याची आतली लांबी आणि जमिनीपासूनची उंची मोजून घ्यावी. बॉडी बाहेरून बांधून घेतलेली असेल तर दोन्ही मापे कंपनीच्या मापांपेक्षा वेगळी निघतात.

हौद्यात दोर अडकवायला काय आहे, हेही त्याच वेळी पाहावे. बहुतेक पिकअपच्या बाहेरच्या कडेला, खालच्या अंगाला लोखंडी हुक असतात. ते गंजलेले किंवा अर्धवट तुटलेले नाहीत ना, हे हाताने ओढून पाहावे. हौद्याच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, केबिनच्या मागच्या पत्र्यापाशी भक्कम जागा असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बांधणीचा मुख्य जोर तिथेच येतो. हौद्याच्या तळावर वाळू, खडी, भाजीपाल्याचा चिखल किंवा सांडलेले तेल असेल तर आधी झाडून, पुसून घ्यावे. गुळगुळीत पत्र्यावर ओले गोणपाट किंवा जुना रबरी मॅट टाकला तर चाक सरकत नाही आणि चढवणाऱ्याचा पायही घसरत नाही.

पिकअप शक्यतो सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि मागच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची अटकण लावावी. गाडीचे वजन फळीवर येताच पिकअप पुढे सरकण्याचा प्रयत्न करते. ती चार इंच सरकली तरी फळीचे वरचे टोक निसटायला तेवढे पुरते.

सपाट जमिनीपेक्षाही चांगली सोय खेड्यात सहज मिळते, ती म्हणजे उंचवटा. शेताचा बांध, बाजार समितीतला माल चढवण्याचा धक्का, शाळेचा किंवा देवळाचा ओटा, रस्त्याकडेची उतरण, यांपैकी कशालाही पिकअप पाठमोरी लावली की चढ जवळजवळ नाहीसा होतो आणि फळी फक्त मधली फट सांधण्यापुरती लागते. अशी जागा पाच-सात मिनिटांच्या अंतरावर असेल तर तिथे जाणे केव्हाही बरे. एवढेच लक्षात ठेवायचे की उतारावर मागे उंच आणि पुढे खाली अशी उभी असलेली पिकअप गाडीला केबिनच्या दिशेने ओढते. तिथे पुढचा ब्रेक हाताशी असलाच पाहिजे.

फळी

उंचवटा नसेल तर फळी आली. फळी किती लांब असावी, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. उताराची लांबी उंचीच्या जितकी पट, तितक्या पटीने ढकलण्याचा जोर कमी होतो. हौदा तीन फूट उंच आणि फळी सहा फूट असेल तर गाडीच्या निम्म्या वजनाइतका जोर लावावा लागतो. क्लासिक ३५० साठी तो ९७ किलोंच्या घरात जातो. फळी नऊ फूट केली की तोच जोर ६५ किलोंवर येतो, बारा फूट केली की ४९ वर. स्प्लेंडरला नऊ फुटी फळीवर ३७ किलो पुरतात. म्हणून हौद्याच्या उंचीच्या निदान तिप्पट लांबीची फळी घ्यावी. अडीच फूट उंचीला साडेसात, तीन फुटांना नऊ. त्याहून आखूड फळीवर माणसे गाडी चढवतात हे खरे, पण ती अंगातल्या ताकदीवर आणि नशिबावर चढवतात.

लांब फळीचा दुसरा फायदा कमी लोकांच्या ध्यानात येतो. फळी जिथे हौद्याला टेकते तिथे उतार संपून सपाटी सुरू होते, म्हणजे एक उंच कंगोरा तयार होतो. पुढचे चाक आत गेल्यावर इंजिनाचा तळ, सायलेन्सर किंवा मेन स्टँड या कंगोऱ्यावर आपटतो आणि गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर अशी अडकते. उतार जितका उभा तितका हा कंगोरा तीक्ष्ण. स्कूटरच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण तिचा तळ खाली आणि चाके लहान. अडकलेली गाडी तिथे तोलून धरणे हेच या सगळ्या कामातले सर्वांत अवघड प्रकरण असते.

फळी सापडण्याची सोपी जागा म्हणजे चालू बांधकाम. परांचीला वापरतात ती दोन इंच जाड आणि दहा-बारा इंच रुंद फळी एका मोटारसायकलीला पुरते, मात्र ती आधी उलटसुलट करून नीट पाहावी. लाकडातली मोठी गाठ, लांबीला आडवी गेलेली चीर, वाळवीने पोखरलेली कड दिसली तर ती फळी बाजूला ठेवावी. दोन टोकांखाली विटा ठेवून मधोमध उभे राहून एकदा दाब देऊन पाहिला की खात्री पटते. फार लांब फळी मध्ये लवते, तेव्हा तिच्याखाली मधोमध विटांचा किंवा लाकडी ठोकळ्याचा टेकू द्यावा. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या फळीवर चाक आणि पाय दोन्ही घसरतात; तिच्यावर गोणपाट खिळ्यांनी ठोकून घ्यावे. हे काम वारंवार करणारे लोक लोखंडी चॅनेलची किंवा जाळीदार पट्ट्यांची फळी वेल्डिंग करून घेतात. तिच्या वरच्या टोकाला हौद्यात अडकणारे दोन आकडे बसवलेले असतात, हा तिचा खरा गुण.

कारण फळी घसरणे हेच गाडी पडण्याचे मुख्य कारण आहे. फळीचे वरचे टोक नुसते हौद्याच्या कडेवर टेकवून चालत नाही. ते निदान चार-सहा इंच आत असावे, आणि फळीला भोक पाडून किंवा तिच्याभोवती दोर फिरवून तो दोर पिकअपच्या चॅसीला किंवा हुकाला पक्का बांधावा. विशेषतः गाडी इंजिनाच्या जोरावर चढवली जात असेल तर फिरणारे मागचे चाक फळीला उलट दिशेने, म्हणजे मागे ढकलत असते. न बांधलेली फळी अशा वेळी झटक्यात खाली येते आणि तिच्याबरोबर गाडीही. मागचा फाळका नुसत्या साखळ्यांवर आडवा लोंबत असेल तर फळी त्याच्यावर कधीच टेकवू नये. तो मालाचे वजन पेलण्यासाठी केलेला नसतो. फाळका पूर्ण खाली सोडावा आणि फळी थेट हौद्याच्या तळावर टेकवावी.

गाडी एका फळीवरून जाते. तिला धरून चालणाऱ्या माणसाला दुसरी वाट हवी. शेजारी दुसरी फळी लावणे उत्तम. तीही नसेल तर मध्यावर एखादी मजबूत पेटी, रिकामे क्रेट किंवा सिमेंटचे ठोकळे रचून पायरी करावी, म्हणजे हँडल धरलेल्या माणसाला एका ढांगेत तीन फूट चढावे लागणार नाही.

चढवणे

चढवण्याआधी गाडीवरचे सगळे सुटे सामान काढावे: डिकी, पिशव्या, हेल्मेट, मोबाइलचा स्टँड. आरसे उलटे फिरवावेत किंवा सरळ काढून घ्यावेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करावा. टाकी भरलेली नसावी. क्लासिकच्या तेरा लिटरच्या भरल्या टाकीने गाडीच्या वरच्या भागावर साडेनऊ-दहा किलोंचा भार वाढतो, गाडी तिरपी झाली की झाकणातून पेट्रोल झिरपते आणि ताडपत्रीखाली त्याची वाफ कोंडते. रेल्वेने मोटारसायकल पाठवताना टाकी रिकामी करण्याची अट असते, ती याच धोक्यामुळे. पिकअपने नेताना टाकी कोरडी करण्याची गरज नाही, पण उतरल्यावर जवळच्या पंपापर्यंत पोहोचण्याइतकेच पेट्रोल पुरे. सायलेन्सर गार होईपर्यंत वाट पाहावी.

स्प्लेंडर किंवा तत्सम गाडीला तीन माणसे लागतात, साडेतीनशे सीसीच्या गाडीला चार असलेली बरी. मुख्य माणूस डाव्या बाजूला राहून दोन्ही हातांनी हँडल धरतो. साइड स्टँड डावीकडे असतो आणि क्लचही डाव्या हाताला, म्हणून ही बाजू. दुसरा माणूस उजवीकडे राहून मागच्या सीटखालचा दांडा धरतो आणि गाडी सरळ ठेवतो. तिसरा मागून ढकलतो, पण अगदी मागच्या चाकाच्या रेषेत नव्हे. थोडा बाजूला, म्हणजे गाडी मागे आलीच तर त्याला हटायला जागा राहते. ढकलताना हात सीटच्या मागच्या दांड्यावर असावेत. चाकाच्या आऱ्यांत, साखळीपाशी किंवा सायलेन्सरवर हात जाऊ देऊ नये. आऱ्यांत बोट अडकून चाक फिरले तर बोट तुटू शकते.

आता एक गोष्ट तपशिलाने सांगण्यासारखी आहे. चढावर गाडी मागे येऊ लागली की माणूस आपोआप पुढचा ब्रेक दाबतो, पण त्याचा तिथे फारसा उपयोग होत नाही. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकावर गेलेले असते. पुढचे चाक हलके होऊन ब्रेक लागलेल्या अवस्थेतच फळीवरून मागे घसरते. मागचा ब्रेक पायात असतो, आणि चालत असलेल्या माणसाचा पाय तिथे पोहोचत नाही. यावर उपाय क्लचचा. इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच दाबून धरून ढकलावी. क्लच दाबलेला असेपर्यंत मागचे चाक मोकळे फिरते. दमल्यावर, थांबायचे असेल तेव्हा किंवा गाडी मागे येऊ लागताच क्लच सोडला की इंजिनाच्या दाबाने मागचे चाक जागीच पकडले जाते, आणि वजनही नेमके त्याच चाकावर असते. म्हणजे क्लचचा खटका हाच मागचा ब्रेक झाला. सगळे बळ एकवटून एका दमात गाडी वर न्यायची गरज उरत नाही. फूट-दोन फूट ढकलून थांबता येते. सपाट जमिनीवर चार-पाच वेळा हे करून पाहिले की हाताला सवय होते.

स्कूटरला ही सोय नाही. तिला गिअर नसतो, क्लच हातात नसतो. पण बहुतेक स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताच्या खटक्यावर असतो, तेव्हा चढावर नेमका तोच वापरावा. विजेवरची स्कूटर असेल तर ती पूर्ण बंद करूनच ढकलावी. हँडलची मूठ चुकून पिळली गेली तर ती आवाज न करता उसळी घेते.

इंजिन चालू करून, शेजारून चालत, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडत जड गाडी वर नेणारे सराईत लोक आहेत. हात बसलेला असेल आणि फळी घट्ट बांधलेली असेल तरच तसे करावे. गाडीवर बसून ती फळीवरून चढवणे मात्र कोणीही करू नये. वरच्या टोकाशी पोहोचल्यावर पाय टेकायला दोन्ही बाजूंना जमीन नसते. गाडी त्याच क्षणी बंद पडली तर चालक तीन फुटांवरून गाडीसकट आडवा होतो.

फळी मिळालीच नाही आणि हौदा छोट्या हत्तीसारखा बुटका असेल तर उचलून चढवणे हा पर्याय उरतो. स्प्लेंडरचे ११२ किलो चौघांत वाटले तर प्रत्येकी २८ किलो येतात. आधी पुढचे चाक उचलून हौद्याच्या कडेवर ठेवावे, तिथे एकाने हँडल सरळ धरून पुढचा ब्रेक दाबावा, मग उरलेल्यांनी मागून उचलत गाडी आत सारावी. पुढून शॉकअपच्या नळ्या आणि मागून सीटखालचा दांडा, एवढ्याच पकडण्याच्या जागा. हौद्याच्या कडेवर गोणपाटाची जाड घडी टाकली तर इंजिनाचा तळ आणि सायलेन्सर पत्र्यावर घासत नाहीत. दीडशे किलोंच्या पुढच्या गाडीला ही पद्धत वापरू नये. त्यात कंबर धरते आणि एकाचा हात सुटला की सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर जातो.

बांधणे

गाडी आत आली की पुढचे चाक थेट केबिनच्या मागच्या पत्र्याला किंवा दांड्याला टेकवावे. मध्ये जुना टायर किंवा गोणपाटाची गुंडाळी ठेवावी. एकच गाडी असेल तर ती हौद्याच्या मध्यरेषेवर उभी करावी. हँडल सरळ असावे आणि त्याचे कुलूप लावू नये. वाटेतल्या हिसक्यांनी कुलपाची खीळ तुटते.

बांधणीचे तत्त्व एकच आहे. गाडी दोन्ही चाकांवर उभी असावी आणि तिचे शॉकअप थोडे दाबलेल्या अवस्थेत असावेत. साइड स्टँडवर किंवा मेन स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी पाहणाऱ्याला भक्कम वाटते, पण ती तशी नसते. मेन स्टँडवर गाडी असताना एक चाक अधांतरी असते. पिकअपने जोराचा ब्रेक मारला की गाडी पुढे झुकते आणि स्टँड मिटतो. साइड स्टँडवर ती तिरकी असते, प्रत्येक खड्ड्याला शॉकअप दबतो, दोर क्षणभर सैल पडतो आणि पुढच्या उसळीला गाडी थोडी सरकते. चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये दोरात वीतभर ढील पडते. त्याउलट पुढचे शॉकअप दीड-दोन इंच आधीच दाबून बांधले तर खड्ड्यात ते आणखी दबले तरी दोर ताणलेलाच राहतो. पूर्ण तळापर्यंत मात्र दाबू नयेत. लांबच्या प्रवासात सतत आवळलेल्या शॉकअपच्या सीलवर ताण येतो आणि धक्का शोषायला वाव उरत नाही. पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये योग्य उंचीचा लाकडी ठोकळा बसवला तर किती दाबायचे याचा अंदाज आपोआप येतो.

पुढचे दोन पट्टे हे बांधणीचे मुख्य अंग. ते हँडलच्या टोकांना बांधू नयेत, तर हँडलच्या खाली जी लोखंडी प्लेट दोन्ही शॉकअपना पकडून ठेवते तिच्याभोवती घ्यावेत. तिथून एक पट्टा डावीकडे पुढे आणि एक उजवीकडे पुढे, दोन्ही खालच्या दिशेने, साधारण ४५ अंशांत जावेत. ब्रेकची नळी, क्लचची केबल आणि वायरी पट्ट्याखाली चिरडत नाहीत ना, हे बोट फिरवून पाहावे. मागे सीटखालची चॅसी किंवा मागच्या पायटेकीचा पक्का भाग धरून दोन पट्टे बाहेर आणि थोडे मागे न्यावेत. मागचे पट्टे पुढच्यांइतके करकचून आवळायचे नसतात. मागचे चाक उसळून बाजूला सरकू नये एवढेच त्यांचे काम. आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, साडी गार्ड, दुमडणाऱ्या पायटेकी यांना कधीही बांधू नये. लेगगार्डला जादाचा एखादा दोर चालेल, मुख्य पट्टा नको.

पट्टे आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. गाडी साइड स्टँडवर असताना आधी डावा पट्टा अडकवावा, मग उजवा आवळत गाडी सरळ करावी, एका माणसाने हँडलवर छातीचा भार टाकून शॉकअप दाबावेत आणि दोन्ही बाजू आळीपाळीने घट्ट कराव्यात. शेवटी साइड स्टँड वर उचलावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी.

सगळ्यांत चांगले साधन म्हणजे खटक्याने आवळणारा पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा. इंचभर रुंदीचे चार पट्टे फार महाग नसतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पट्ट्यावर शिवलेल्या पट्टीवर किती भार सुरक्षितपणे पेलता येईल तो आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. युरोप-अमेरिकेतल्या माल बांधणीच्या नियमांत असे गृहीत धरतात की जोराच्या ब्रेकला मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने आणि वळणावर ५० टक्के इतका जोर बाजूला येतो. १९५ किलोंच्या गाडीसाठी हे आकडे अनुक्रमे १५६ आणि ९८ किलो होतात. सुतळी किंवा कपडे वाळत घालायची दोरी या कामाला का नको, हे यावरून कळते.

पट्टे नसतील तर जाड दोर चालतो, पण त्याचा स्वभाव माहीत हवा. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि ओला झाल्यावर आणखी सैल पडतो. सुती किंवा काथ्याचा दोर उलट वागतो; भिजल्यावर आखडतो आणि वाळल्यावर ढिला होतो, त्यामुळे पावसात भिजत बांधलेली गाडी ऊन पडल्यावर हलू लागते. दोराच्या मध्यावर फास घालून, टोक हुकाखालून घेऊन त्या फासातून ओवून ओढण्याची ट्रकवाल्यांची पद्धत शिकून घ्यावी. नुसते ओढण्यापेक्षा तिने किती तरी जास्त ताण देता येतो. शेवटची गाठ सुरगाठ असावी. निरगाठ ताणाखाली इतकी बसते की उतरवताना ती कापावी लागते, आणि ताणलेला दोर अचानक कापणे हा एक स्वतंत्र धोका आहे. दोर जिथे हौद्याच्या धारदार पत्र्यावरून जातो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाट घालावे. टाकी आणि क्रोम यांना दोर लागत असेल तिथे मऊ कापड.

दोन गाड्या एकत्र न्यायच्या असतील तर एकीचे तोंड पुढे आणि दुसरीचे मागे करावे, म्हणजे हँडलला हँडल लागत नाही. दोन्ही स्वतंत्र बांधाव्यात. एकमेकींना बांधलेल्या गाड्या पडतातही एकत्रच. मध्ये गोधडी किंवा पुठ्ठे.

बांधणी झाली की एक कसोटी घ्यावी. गाडीचे हँडल आणि मग मागचा दांडा धरून जोराने बाजूला हलवावे. गाडी आणि पिकअप मिळून एकत्र डोलली तर काम झाले. पिकअप जागच्या जागी राहून गाडीच हलली तर पट्टे पुन्हा आवळावेत.

वाटेत

रिकाम्या पिकअपमध्ये एकच मोटारसायकल असली की ती भरलेल्या पिकअपपेक्षा जास्त आदळते. टनभर मालासाठी केलेले कमानपाटे दीडशे-दोनशे किलोंना दबतच नाहीत. चालकाला हे सांगून गतिरोधकावर आणि खड्ड्यांत वेग कमी ठेवायला लावावा. पहिले दहा-पंधरा किलोमीटर झाल्यावर थांबून पट्टे तपासावेत, कारण सुरुवातीची ढील तेव्हाच पडते. त्यानंतर दर दोन तासांनी, आणि खंबाटकी, कसारा किंवा आंबा यांसारखा घाट असेल तर चढण्याआधी आणि उतरल्यावर. ताडपत्री टाकायची असेल तर ती हौद्याला बांधावी. गाडीवर सैल पांघरलेले कापड वाऱ्याने फडफडून रंग घासते.

गाडी धरून बसायला माणूस मागे हौद्यात पाठवणे हा प्रकार पूर्ण चुकीचा आहे. मालवाहू वाहनाच्या हौद्यात माणसे नेण्यास कायद्याची मनाई आहे. शिवाय गाडी सुटलीच तर तो माणूस तिला धरू शकत नाही, ती त्याच्यावर पडते. माणसाची गरज वाटत असेल तर बांधणी अपुरी आहे, असे समजावे.

गाडीची कागदपत्रे चालकाजवळ किंवा बरोबर जाणाऱ्याजवळ असावीत. विम्याबद्दल एक उपयोगी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: भारतातल्या प्रचलित वाहन विम्यात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतलेला असेल तर रस्ता, रेल्वे वगैरे मार्गांनी गाडी नेली जात असताना झालेले नुकसानही धरलेले असते. नुसता त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर त्यात हे मिळत नाही. म्हणून चढवण्याआधी चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढून ठेवावेत.

उतरवणे

उतरवणे सोपे वाटते, पण सगळे दमलेले असतात आणि घाई असते. पिकअप पुन्हा सपाट जागी किंवा उंचवट्याला लावून, हँडब्रेक आणि अटकण लावून, फळी आधी बांधून घ्यावी. पट्टे त्यानंतर सोडावेत. एकाने डावीकडे उभे राहून गाडी घट्ट धरावी, साइड स्टँड खाली करावा. आधी मागचे पट्टे सोडावेत. पुढच्यांपैकी उजवा आधी सोडावा. डावा आधी सोडला तर दाबलेला शॉकअप आणि उजवा पट्टा मिळून गाडीला स्टँडच्या उलट बाजूला ओढतात आणि ती उजवीकडे पडते. रॅचेटचा खटका सोडताना तोंड त्याच्या रेषेत असू नये.

गाडी मागच्या मागे, शेपटीकडून उतरवावी. इथेही पुढचे चाक चढाच्या बाजूला म्हणजे हलके असते, तेव्हा भरवसा पुन्हा पहिल्या गिअरवर आणि क्लचवर ठेवावा. क्लच किंचित दाबला की गाडी थोडी सरकते, सोडला की थांबते. मागे उभा असलेला माणूस फक्त दिशा सांगतो. गाडीचे वजन अंगावर घेऊन तिला थोपवण्याचे काम त्याचे नाही. मागचे चाक जमिनीला लागल्यावर वेग वाढतो, कारण आता माणसांचे लक्ष सुटते आणि पुढचे चाक अजून फळीवर असते. ते खाली येईपर्यंत हँडल सरळच ठेवावे.

खाली आल्यावर लगेच गाडी चालू करून निघू नये. हँडल आणि पुढचे चाक एका रेषेत आहेत का, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा आहे का, ब्रेकचे दोन्ही खटके पूर्वीसारखेच लागतात का, हे पाहावे. आरसे बसवावेत, पेट्रोलचा कॉक उघडावा. कार्ब्युरेटरची गाडी वाटेत फार हिंदकळली असेल तर पहिल्या किकला चालू होत नाही. दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केला की होते.